वस्त्रांची वखार : शयनगृहातील कपाटाविषयी चार व्यवहारी गोष्टी

बाजारभाव, करपद्धती आणि हमाली यांवरील लेखांच्या पंगतीत शयनगृहातील कपाटाला पाट कशासाठी मांडला, असा प्रश्न एखादा सभासद बंधू करील. त्यास उत्तर असे की, धार व देवास येथील आपल्या पुष्कळ कुटुंबांची जुनी घरे उतरविली गेली आहेत व त्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली आहेत. जुन्या घराच्या भिंती दीड-दोन हात रुंद असत. त्यांच्या पोटात फडताळे, कोनाडे आणि देवळ्या सहज सामावून जात. नव्या घराची बाहेरची भिंत नऊ इंचांची आणि आतली साडेचार इंचांची. तीत खुंटीदेखील जपून ठोकावी लागते. जी जागा भिंत पूर्वी फुकट देत असे, ती आता सुताराकडून विकत घ्यावी लागते. असे असूनही ह्या खरेदीत आपण जेवढी बेफिकिरी दाखवितो, तेवढी एका पोत्याच्या सौद्यातही दाखवीत नाही.

आम्ही जन्मभर धान्याचा घाऊक व्यापार केला; रंधा हाती धरला नाही. परंतु माल साठविणे हा आमचा धंदा आहे आणि कपाट म्हणजे वस्त्रांची वखारच होय. वखार घेताना आपण प्रथम काय विचारतो? पोती किती, जिन्नस कोणते, रोज निघणारा माल कोणता आणि हंगामापर्यंत पडून राहणारा कोणता. मग जागा पाहतो. कपाटाच्या बाबतीत मात्र शहाणासुरता व्यापारी सुताराला भिंत दाखवितो, “येथून तेथपर्यंत” असे सांगतो आणि दुकानाची वाट धरतो. कपाट भिंतीच्या लांबीवरून बांधू नये, मालाच्या यादीवरून बांधावे, एवढेच आम्हांस मुख्यत्वेकरून सांगावयाचे आहे.

ही यादी घरातील गृहिणीने करावी. पुरुषमंडळींनी फार तर लेखणी धरावी. सर्व कपडे एकदा पलंगावर काढून त्यांचे तीन वाटे करावेत : रोजचे, सणावारी लागणारे आणि ऋतूचे. लटकवावयाचे किती, घडी घालून ठेवावयाचे किती आणि किरकोळ वस्तू किती, हे मोजून मांडावे. येथेच बऱ्याच वेळा असे दिसून येते की, नव्या कपाटाची गरज जेवढी वाटत होती तेवढी नाही. ज्या कपड्यास दोन वर्षांत अंगाचा स्पर्श झाला नाही त्यास फळी बांधून देणे म्हणजे मेलेल्या मालाचे भाडे भरणे होय. यादी झाल्यावर प्रत्येक वाट्यात पुढील दोन-तीन वर्षांच्या वाढीसाठी पाचवा हिस्सा जागा अधिक धरावी.

आता मापे. हँगर सतरा-अठरा इंच रुंद असतो, म्हणून लटकविण्याच्या भागाची आतील खोली बावीस इंचांहून कमी नसावी आणि दांडी मागच्या फळीपासून अकरा इंचांवर असावी. सदरा किंवा अर्ध्यातून दुमडलेली पाटलोण यांस चाळीस इंच उंची पुरते. आतील उंची सात फूट असल्यास एका भागात एकाखाली एक अशा दोन दांड्या बसतात. वरची दांडी उंच पुरुषाच्या कपड्यांसाठी ठेवावी. पाच फूट उंचीच्या बाईचा हात सुमारे सहा फुटांपर्यंतच सुखाने पोचतो. शेरवानी व लांब कोट यांसाठी पाच फूट मोकळे सोडावे. गुडघ्यापासून डोळ्यापर्यंतचा पट्टा हा वखारीच्या दारालगतची जागा समजावी. तेथे रोजचाच माल. रजया व रिकाम्या बॅगा वर माळ्यावर जाव्यात.

साड्यांच्या बाबतीत आम्ही थोडे अधिक लिहितो, कारण माळव्यातील मराठी घरांत त्यांचाच भार मोठा असतो. महेश्वर आणि चंदेरी दोन्ही आपल्या पंचक्रोशीसारखीच, आणि धार जिल्ह्यातील बागच्या छापाच्या साड्याही आता घरोघर दिसतात. घडी घातलेली साडी बारा-चौदा इंच लांब भरते. बावीस इंच खोल फळीवर तिच्या मागे आणखी एक रांग लागते आणि मागची रांग वर्षभर उजेड पाहत नाही. शिवाय साड्यांची थप्पी उंच झाली की तळची ओढताना वरची सारी कोसळते. यास्तव साड्यांसाठी फळ्यांतील अंतर दहा इंचांहून अधिक ठेवू नये आणि शक्य तेथे स्थिर फळीऐवजी पुढे ओढता येणारे उथळ ट्रे करावेत. जरीची व रेशमाची वस्त्रे धुतलेल्या मलमलीत गुंडाळावीत व तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालावी. एकाच रेषेवर राहिलेली रेशमाची घडी कालांतराने तिथेच फाटते.

खण अर्थात ड्रॉवर यांविषयी सुतार सहसा आपण होऊन काही विचारीत नाही. तो एकाच उंचीचे चार खण करून मोकळा होतो. हातरुमाल, मोजे, चष्मा आणि किल्ल्या यांस चार-पाच इंच उंचीचा खण पुरे. घडीच्या कपड्यांस सात-आठ, लोकरीच्या कपड्यांस दहा-बारा. खोल खणात लहान वस्तू टाकल्या की त्या धान्याच्या कणगीत पडलेल्या अंगठीसारख्या होतात. सर्वांत वरच्या खणाची कड छातीच्या खाली असावी, म्हणजे आत डोकावता येते. खण लोखंडी चॅनलवर चालवावयाचा असल्यास प्रत्येक बाजूस अर्धा इंच जागा लागते; मोकळी जागा तीस इंच असेल तर खणाची पेटी एकोणतीस इंच. हे एक माप चुकले तर खण एक तर बसत नाही किंवा लडखडतो. खणाचा तळ नुसते खिळे मारून खालून चिकटवू देऊ नये. चारी बाजूंच्या फळ्यांत खाच पाडून त्यात सरकविलेला तळच भार सोसतो.

पतिपत्नींचे भाग आरंभापासून वेगळे असावेत. आपल्या देवासात १७२८ पासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. दोन्ही १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा संसार चालला. कपाटात एवढा काळ तंटा चालविण्याचे कारण नाही. मधे एक उभी फळी घालावी.

लाकडाची गोष्ट सांगावयाची तर देवासचेच एक उदाहरण उपयोगी पडेल. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खाजगी चिटणीस होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ देवी’ ह्या पुस्तकात त्यांनी राजवाड्यातील सामानसुमानाची जी स्थिती वर्णिली आहे ती वाचून हसूही येते आणि वाईटही वाटते. नवे कोरे पियानो कोरड्या हवेने तडकून निरुपयोगी झालेले आणि स्नानगृहाजवळच्या कपाटात चहाच्या किटल्यांची गर्दी! किटल्यांचा दोष यादी न करण्याचा. पियानोंचा दोष माळव्याच्या हवेचा. वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडे लाकडातून ओल ओढून घेतली जाते आणि श्रावणात ती परत भरते. लाकूड लांबीत फारसे हलत नाही, रुंदीत हलते. म्हणून रुंद सलग सागवानी फळीचे दार करू नये. चौकटीत खाच पाडून मधली फळी तीत सरस न लावता मोकळी बसवावी, म्हणजे तिला फुगावयास व आकसावयास वाव राहतो.

सागवान आपल्या जिल्ह्यातच आहे. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेस बागली-कन्नौदकडे त्याची राने आहेत. प्रश्न असतो तो सुकलेपणाचा. गव्हाच्या सरकारी खरेदीत ओल बारा टक्क्यांवर गेली की भावात कपात होते व चौदापलीकडे माल नाकारला जातो, हे आपण सर्व जाणतो. घरात वापरावयाचे लाकूडही सुमारे दहा-बारा टक्क्यांवर आलेले असावे, आणि ओल मोजण्याचे यंत्र लाकडासाठीही मिळते. ओले सागवान घेण्यापेक्षा चांगले प्लायवूड बरे. त्यात पापुद्रे आडवे-उभे चिकटविलेले असल्यामुळे ते हवेने हलत नाही. भारतीय मानक ७१० चा छाप असलेले प्लायवूड ओलीस टिकते. ३०३ चे साधे प्लायवूड कोरड्या भिंतीजवळ चालते. भुशाच्या व चिपांच्या दाबलेल्या तक्त्यांना पाणी लागले की ते पोह्यासारखे फुगतात. फळीस अठरा मिलिमीटर जाडी घ्यावी आणि आधाराविना अडीच फुटांहून लांब जाऊ देऊ नये. पुढच्या कडेस दीड इंचाची उभी पट्टी लावल्यास फळी झोळ धरीत नाही. ज्यांस ह्या यातायातीत पडावयाचे नाही त्यांच्यासाठी पोलादी कपाट आहेच. गोदरेजने ते १९२३ पासून बाजारात आणले आणि अनेक घरांत आजोबांचे कपाट नातू वापरीत आहेत. मात्र त्यात आपल्या यादीप्रमाणे कप्पे पाडता येत नाहीत.

कपाटाची जागा ठरविताना वखारीचाच नियम लावावा. पोत्यांची थप्पी आपण लाकडी पाटांवर चढवितो आणि भिंतीपासून दूर ठेवतो. कपाटासही जमिनीपासून चार इंचांचा पायथा आणि मागे निदान एक इंचाची पोकळी हवी. पश्चिमेची बाहेरील भिंत पावसाचा मारा खाते आणि न्हाणीघराची भिंत बाराही महिने ओल धरते. ह्या दोन्ही टाळाव्यात. नवीन गिलावा पुरता सुकल्यावाचून कपाट उभारूच नये. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे घर थोडेबहुत बसते आणि काटकोन काटकोन राहत नाहीत. सुताराने ओळंबा व पाणसळ लावून कपाटाचा सांगाडा स्वतंत्र सरळ उभा करावा, भिंतीच्या वाकडेपणाशी तो जुळवू नये. उरलेली फट पट्टीने झाकावी. दारांना मागे-पुढे करता येणाऱ्या बिजागऱ्या घ्याव्यात. सरकत्या दारांची आवड वाढत आहे, पण त्यांत एका वेळी अर्धेच कपाट दिसते.

आता जे सांगणार आहोत ते हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक धान्य व्यापाऱ्याच्या घरात मोठ्याने वाचले जावे. वखारीत किडीसाठी ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या वापरतात, त्यांतील एखादी कपाटात ठेवली तर कसर लागणार नाही, अशी समजूत काही ठिकाणी ऐकू येते. ह्या गोळीस हवेतील ओल लागताच फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. कपाट शयनगृहात, खिडक्या बंद आणि आत मुले निजलेली. अशा गोळ्यांनी देशात घरेच्या घरे मृत्युमुखी पडली आहेत. ह्यांची विक्री व वापर कायद्याने निर्बंधित असून तो सरकारी यंत्रणा व परवानाधारक कीडनियंत्रक यांच्यापुरताच आहे. दुकानातून त्या घरी आणूच नयेत, रिकामा डबासुद्धा नको. डांबराच्या गोळ्यांविषयीही जपून राहावे. तान्ह्या मुलाचे कपडे त्यांत ठेवू नयेत. काही अर्भकांच्या रक्तपेशी त्या वाफेने फुटतात व तीव्र कावीळ होते. वाळविलेला कडुलिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवावा, कपडे धुऊन पूर्ण सुकल्यावरच आत जावेत, आणि आश्विनात एकदा सारे कपाट रिकामे करून उन्हे दाखवावीत. जीव मारण्याचा प्रसंग न येणे हेच उत्तम कीडनियंत्रण, आणि आपल्या घरांस ते साजणारेही आहे.

लहान मुलांचा दुसरा धोका खणांचा. मूल खालचे खण ओढून त्यांच्या पायऱ्या करते आणि सुटे उभे कपाट पुढे कलंडते. अमेरिकेत अशा अपघातांत मुले दगावल्यानंतर २०१६ साली आयकिया कंपनीने सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत बोलाविली होती. उपाय दोन रुपयांचा आहे : वरच्या बाजूस लोखंडी कोन लावून कपाट भिंतीस स्क्रूने आवळावे. जड वस्तू तळच्या खणांत ठेवाव्यात.

दस्तऐवज, विम्याचे कागद व मुलांची प्रमाणपत्रे यांसाठी कुलपाचा एक उथळ खण कमरेच्या उंचीवर करावा. तळाशी नको, कारण तेथे पाणी व वाळवी आधी पोचतात. त्या खणाची दुसरी किल्ली घरातील गृहिणीकडे असावी. यजमान बाहेरगावी असता मध्यरात्री रुग्णालयात कागद लागले तर कुलूप फोडण्याची पाळी येऊ नये.

सुताराशी बोली करताना प्लायवूडचा छाप, फळीची जाडी, खणांची संख्या व मापे आणि बिजागऱ्या-चॅनल यांची बनावट कागदावर लिहून घ्यावी. प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार, म्हणजे बत्तीस चौरस फुटांचा असतो. कोणता तुकडा कोठून कापणार याचा नकाशा कापण्यापूर्वी मागावा, म्हणजे घट किती येणार ते कळते. रकमेचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवावे. भाद्रपदात सर्व दारे व खण उघडून पाहावेत, जे अडकत असेल ते त्याच सुताराकडून दुरुस्त करून घ्यावे आणि त्याच दिवशी बाकी चुकती करावी.