पॅन : नाव की किल्ली?

गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांत ठेकेदारीवर काम करणाऱ्या माणसाच्या पॅनकार्डाची झेरॉक्स कुठे कुठे असते, हे मी मोजू लागलो. ठेकेदाराचे कार्यालय, बँक, गाडीचे कर्ज देणारी कंपनी, विवरणपत्र भरून देणारा, झेरॉक्सचे दुकान... यादी वाढतच गेली. "आमचं उत्पन्नच करात बसत नाही, चोरणार काय?" असे लोक विचारतात.

याचे उत्तर ठाणे जिल्ह्यात सापडते. तिथल्या एका रोजंदार मजुराला २०१९ मध्ये आयकर खात्याची नोटीस आली. त्याच्या पॅनवर भलत्यानेच बँक खाते उघडले होते आणि नोटाबंदीच्या काळात त्यात ५८ लाख रुपये भरले होते. कराची मागणी १ कोटी ५ लाखांची होती. चोराला मजुराचा पैसा नको होता, नाव हवे होते. जो आपली नोंद कधी पाहत नाही, त्याचे नाव अशा कामाला सोयीचे.

पॅनमध्ये गुप्त असे काही नाही. दहा चिन्हांपैकी चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते, व्यक्तीसाठी 'पी'. पाचवे आडनावाचे आद्याक्षर असते. तरीही वार्षिक माहिती विवरणाची, म्हणजे एआयएसची, पीडीएफ फाइल पॅन आणि जन्मतारीख जोडून उघडते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच कार्डावर छापलेल्या असतात! अमेरिकेत करदात्याला दरवर्षी बदलणारा सहा अंकी संरक्षण क्रमांक घेता येतो. आपल्याकडे ते काम मुख्यतः ओटीपी करतो. म्हणजे पॅन हे नाव झाले, किल्ली आपला मोबाइल.

म्हणून पहिले काम हे की, ई-फायलिंग खात्यात विवरणपत्र भरून देणाऱ्याचा नव्हे, स्वतःचा मोबाइल आणि ईमेल नोंदवावा. नाहीतर आपली नोटीस दुसऱ्याच्याच हाती पडते.

दुसरे, शेतकरी जसा सातबारा काढून आपल्या जमिनीवर परके नाव चढले नाही ना हे पाहतो, तसा एआयएस पाहावा. हा उत्पन्नाचा सातबाराच आहे. अनोळखी व्याज, व्यवहार दिसला तर तिथेच हरकत नोंदवता येते. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून आपल्या नावावर एखादी पेढी निघाली आहे का, हेही कळते.

तिसरे, 'रिफंड मंजूर' म्हणणारी लिंक उघडू नये. खाते पिन, पासवर्ड, ओटीपी मागत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. पत्र खरे की खोटे, ते ई-फायलिंगच्या मुखपृष्ठावर पडताळता येते.

झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहून आडवी सही करावी. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. वाटल्या गेलेल्या झेरॉक्स आता परत येणार नाहीत. आपली नोंद पाहत राहणे मात्र आपल्याच हाती आहे.