शाळाच निघाली मुलांकडे

‘अंगणवाडी’ हा शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकत आलाय. पण तो आला कुठून, हा प्रश्न कधी पडलाय? मंत्रालयातल्या फायलीतून आला असेल असं वाटत असेल, तर थांबा. तो आलाय आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावातून. तिथल्या खऱ्याखुऱ्या अंगणांतून.

त्याआधी जरा रोमला जाऊन येऊ. मारिया मॉण्टेसरी पेशाने डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ला त्यांनी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी ‘बालघर’ सुरू केलं. तिथलं साहित्य कपाटात कुलूपबंद असायचं. बाई काढून देणार, मग मुलं घेणार. एकदा बाईंना यायला उशीर झाला आणि कपाटही उघडंच राहिलेलं. येऊन बघतात तर काय, मुलांनी आपापल्या वस्तू काढल्यात आणि प्रत्येक जण कामात गढलाय! बाईंना ती चक्क चोरी वाटली. मॉण्टेसरींना मात्र दिसलं की, आपल्याला काय हवंय ते पोरांना बरोब्बर कळतं. मग कुलपाचं कपाट गेलं आणि मुलांचा हात पोचेल अशा बुटक्या मांडण्या आल्या.

हे विचार भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी उचलले. त्यांच्यासोबत तिथल्या बालमंदिरात काम करत होत्या आपल्या ताराबाई मोडक. पण गोची अशी, की ही पद्धत आपल्याकडे आली ती महागड्या साहित्यासकट. (आजही दारावर ‘मॉण्टेसरी’ची पाटी दिसली, की आईबाबा आधी फी विचारतात.)

१९४५मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, ताराबाईंनी बोर्डी गाठलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेली ही बाई पुढे शिकून शिक्षिका झाली होती. दोघींनी बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं येईचनात. घरी धाकटं भावंडं सांभाळायला कोण? दुसरं कुणी असतं तर पालकांच्या नावाने बोटं मोडून मोकळं झालं असतं. या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले.

१९५७मध्ये मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलला. तिथली आदिवासी पोरं दिवसभर गुरांमागे रानात. मग शिक्षक कुरणात जाऊ लागले. तिचं नावच पडलं कुरणशाळा! मला स्वतःला अंगणवाडीपेक्षाही ही कल्पना भारी वाटते.

२ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज देशात अशी जवळपास १४ लाख केंद्रं आहेत. ताराबाई त्याआधी दोन वर्षं, ऑगस्ट १९७३मध्ये गेल्या होत्या. अनुताई मात्र अजून टेकडीवरच होत्या, मुलांच्यात.