अजिंठ्याची जळालेली चित्रे आणि प्रवासातला टॅब्लेट

डॉक्टरांच्या मेळाव्यात 'टॅब्लेट' हा शब्द उच्चारला की मात्रा किती आणि दिवसातून किती वेळा, हेच प्रथम मनात येते. परंतु गेल्या काही वर्षांत दुसऱ्या जातीचा एक टॅब्लेट आपल्या प्रवासी पिशवीत कायमचा येऊन बसला आहे. पहिला आयपॅड २०१० साली आला आणि कॅमेऱ्यातील चित्रे त्यात उतरवून घेण्याचा जोडणीचा छोटा संचही त्याच वर्षी निघाला. तथापि आपण या पाटीचा उपयोग मुख्यत्वे वाचनासाठी, चित्रपटांसाठी आणि लहान मुलांना गप्प बसविण्यासाठी करतो. (या शेवटच्या उपयोगास बालरोगतज्ज्ञ या नात्याने माझी संमती नाही, हे येथेच नोंदवितो.) प्रवासात तिला आणखी एक काम द्यावे, असे मी सुचवितो. दिवसभरात टिपलेली छायाचित्रे आणि चलचित्रे त्याच रात्री तिच्यात उतरवावीत आणि दुसरी प्रत सिद्ध झाल्याची खात्री होईपर्यंत मूळ कार्ड पुसू नये.

हे एवढे गांभीर्याने का सांगावे? याचे उत्तर अजिंठ्याच्या इतिहासात आहे. आणि तो इतिहास आपणा हैदराबादकरांच्या घरचाच आहे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तोपर्यंत अजिंठ्याची लेणी हैदराबाद राज्यात होती.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामी नियुक्ती केली. अपुरा प्रकाश, वटवाघळे, ताप आणि एकांत यांना तोंड देत गिल यांनी वर्षानुवर्षे मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात प्रतिकृती केल्या. त्या लंडनला पाठविण्यात आल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. १८६६ सालच्या डिसेंबरात त्या इमारतीस आग लागली आणि मोजकी चित्रे वगळता सारे श्रम भस्मसात झाले. त्यांची बरोबरी करील अशी दुसरी प्रत कोठेच नव्हती. गिल यांची कबर भुसावळला आहे.

नियतीने एवढ्यावर समाधान मानले नाही. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जाऊ लागले. हे विद्यार्थी येथलेच तरुण होते. सुमारे तेरा वर्षे चाललेल्या या कामातून प्रतिकृतींचा मोठा संग्रह उभा राहिला आणि तोही लंडनला, साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेला. १८८५ साली तेथेही आग लागली आणि शंभराहून अधिक चित्रे जळाली किंवा खराब झाली. एकोणीस वर्षांच्या अंतराने तीच शोकांतिका पुन्हा घडली. दोन्ही वेळा परिश्रमांत उणीव नव्हती. सारा संग्रह एकाच छपराखाली ठेवला गेला, हीच उणीव होती.

याउलट चित्र हैदराबाद संस्थानाच्या कामात दिसते. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी छायाचित्रणाच्या आधारे अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. छापील ग्रंथाच्या प्रती देशोदेशींच्या ग्रंथालयांत गेल्या. आता एखाद्या ग्रंथालयास आग लागली तरी तो समूळ नष्ट होणे नाही. दरम्यान मूळ भिंतींवरील रंगही काळाच्या ओघात झिजत राहिले आहेत. ग्रिफिथ्स यांच्या चमूने उतरवलेले काही भाग आज भिंतीवरही उरलेले नाहीत. तेथे वाचलेली प्रत हाच एकमेव पुरावा आहे.

आपल्या सहलीच्या चित्रांची अजिंठ्याशी बरोबरी कोण करील? परंतु ज्याच्या त्याच्या घरापुरते पाहिले, तर आईच्या शेवटच्या तीर्थयात्रेचे चलचित्र हे त्या घरचे अजिंठाच असते. आणि तेही बोटाच्या नखाएवढ्या एका कार्डावर, एकाच कॅमेऱ्यात, एकाच पिशवीत असते. कॅमेरा चोरीस जातो, पाण्यात पडतो, रिक्षात राहतो. कॅमेऱ्याचे पैसे विम्यातून मिळू शकतात. चित्रे मिळत नाहीत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्वांत खात्रीचा मार्ग कार्ड रीडरचा. ज्या टॅब्लेटला यूएसबी-सी पद्धतीचे तोंड आहे, त्यास साधा रीडर थेट जोडता येतो. जुन्या आयपॅडचे तोंड निराळे असल्याने त्यास वेगळा अडॅप्टर लागतो. अँड्रॉइड टॅब्लेट घेताना तो 'ओटीजी' जोडणी मानतो की नाही, हे दुकानातच पाहावे. रीडर आणि अडॅप्टर प्रवासास निघण्यापूर्वी घरी एकदा वापरून पाहावेत. नवे उपकरण शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रथमच उघडण्याची पद्धत आपल्या व्यवसायात नाही. तोच नियम येथेही लावावा.

दुसरा मार्ग बिनतारी. कॅमेऱ्याचे वायफाय आणि कंपनीचे ॲप यांच्या साहाय्याने चित्रे टॅब्लेटवर येतात. चार चित्रे लगेच नातेवाइकांना पाठवायची असतील तर हे सोयीचे आहे. मात्र काही कॅमेऱ्यांत आपोआप येणारे चित्र मूळ चित्र नसून त्याची लहान आवृत्ती असते. ती पडद्यावर सुरेख दिसते. मोठी छापून घेतली की तिची दुर्बलता उघड होते. शिवाय मोठी चलचित्रे या मार्गाने फार सावकाश येतात. म्हणून साठवणुकीसाठी तार किंवा रीडरच बरा.

आकाराचा अंदाज आधीच असावा. चांगल्या कॅमेऱ्याचे एक जेपेग चित्र साधारण दहा एमबीचे धरले, तर दिवसाच्या तीनशे चित्रांना तीन जीबी पुरतात. चलचित्राचे गणित मात्र निराळे आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने टिपलेले 'फोर-के' चलचित्र मिनिटाला सुमारे ७५० एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी जागा घेते. ६४ जीबीचा टॅब्लेट एका बारशाच्या चित्रणातच तुडुंब भरेल. वेळेचेही तसेच. सेकंदाला ३० एमबी या वेगाने ३२ जीबीचे कार्ड उतरण्यास सुमारे अठरा मिनिटे लागतात. जेवणास जाण्यापूर्वी काम सुरू करून द्यावे आणि टॅब्लेट चार्जरला जोडून ठेवावा, हे सोयीचे.

जागा कमी असेल तर टॅब्लेटला कोठाराऐवजी मध्यस्थ करावे. २०१९ साली आलेल्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरील 'फाइल्स' या ॲपमधून बाहेरची डिस्क वापरता येते. कार्डावरील फोल्डर तेथून छोट्या एसएसडीवर उतरविता येतो. घरच्या विंडोज संगणकावर 'एनटीएफएस' पद्धतीने आखलेल्या डिस्कवर आयपॅडला काही लिहिता येत नाही. म्हणून डिस्क निघण्यापूर्वीच 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करावी. फॉरमॅट केल्याने तिच्यावरील जुना मजकूर पुसला जातो, तेव्हा तो आधी अन्यत्र हलवावा.

येथे चलचित्रांविषयी एक विशेष सूचना. टॅब्लेटचे छायाचित्रांचे ॲप कार्डावरील 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरात पाहते. काही कॅमेरे चलचित्रे मात्र 'प्रायव्हेट' नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतात. 'एव्हीसीएचडी' पद्धतीची चलचित्रे तेथेच असतात. परिणामी सारी छायाचित्रे टॅब्लेटवर येतात, चलचित्रे कार्डावरच राहतात आणि सारे आले या समजुतीने कार्ड पुसले जाते. म्हणून चलचित्रे असलेले कार्ड उतरविताना निवडक फायलींऐवजी संपूर्ण फोल्डर 'फाइल्स'मधून उतरवावा. काम संपल्यावर आयपॅड विचारतो, कार्डावरील मूळ चित्रे पुसू की ठेवू? उत्तर नेहमी 'ठेवा' हेच द्यावे. त्यानंतर दोन्हीकडील संख्या पडताळावी आणि शेवटचे चलचित्र उघडून ते अखेरपर्यंत चालते का, हे पाहावे. लशीची कुपी टोचण्यापूर्वी आपण तिचे नाव आणि मुदत वाचतो. ही पडताळणीही तशीच सवयीची व्हावी.

क्लाउडविषयी बराच गैरसमज आहे. अनेक सेवा मूलतः समक्रमण करतात; एका ठिकाणी केलेला बदल सर्वत्र पोहोचवतात. टॅब्लेटवर जागा करण्यासाठी आपण चित्रे पुसली, तर ती क्लाउडमधूनही जाऊ शकतात आणि ठरावीक मुदतीनंतर परतही मिळत नाहीत. आपल्या सेवेत 'पुसणे' याचा अर्थ काय होतो, हे निघण्यापूर्वी समजून घ्यावे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला ३-२-१ हा नियम सुटसुटीत आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. प्रवासात याचा अर्थ असा की कार्ड एकाच्या खिशात, टॅब्लेट दुसऱ्याच्या पिशवीत आणि चांगले इंटरनेट मिळेल तेथे निवडक चित्रे क्लाउडवर. कार्ड आणि टॅब्लेट एकाच पिशवीत ठेवले, तर क्रिस्टल पॅलेसचीच व्यवस्था झाली.

आता माझ्या व्यवसायातील एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८४१ साली इंग्लंडमधील डॉ. विल्यम जेम्स वेस्ट यांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून आपल्याच तान्ह्या मुलाच्या विचित्र झटक्यांचे वर्णन केले. मान व अंग पुढे झुकवणारे, सलाम केल्यासारखे दिसणारे ते झटके आज 'इन्फंटाइल स्पाझम' म्हणून ओळखले जातात. वेस्ट यांच्याजवळ कॅमेरा नव्हता, केवळ शब्द होते. आज आई-वडील सांगतात, "डॉक्टर, बाळ झोपेतून उठले की ओळीने दचकते", आणि तपासणीच्या वेळी बाळ माझ्यासमोर हसत असते. हे झटके पोटदुखी किंवा साधे दचकणे समजून दुर्लक्षिले जातात. निदान आणि उपचार लांबल्यास बाळाच्या वाढीचे व बुद्धीचे नुकसान वाढू शकते. अशा वेळी घरी किंवा प्रवासात टिपलेले एका मिनिटाचे चलचित्र मला संशयाची दिशा देते आणि ईईजी त्वरित करून घेता येतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. झटक्यांची मालिका दिसल्यास बाळाचा चेहरा व सारे अंग दिसेल असे चित्रण करावे, त्यावरील तारीख-वेळ राहू द्यावी आणि सहल संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांशी संपर्क साधावा. व्हॉट्सॲपवरून साधे पाठवलेले चलचित्र आकुंचित होते आणि पापण्यांची किंवा बोटांची सूक्ष्म हालचाल पुसट होते. तेथे ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, आणि मूळ फाइल टॅब्लेटवर जपून तीच दवाखान्यात दाखवावी.

सहकारी डॉक्टरांनाही एक शब्द. आरोग्य शिबिरात त्वचेच्या चट्ट्याचे किंवा क्ष-किरणचित्राचे छायाचित्र आपण ज्या उपकरणाने घेतो, त्यातच आपल्या सहलीची चित्रे असतात. टॅब्लेटवर उतरताच ती सारी मिळून क्लाउडवर आणि तेथून घरातील प्रत्येक पडद्यावर पोहोचू शकतात. जेवणाच्या टेबलावर सहलीची चित्रे सरकवताना मध्येच एखाद्या रुग्णाचा चेहरा यावा, हे आपल्या शपथेस शोभणारे नाही. २०२३ साली देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला आहे. रुग्णांच्या चित्रांसाठी संमती घ्यावी, वेगळे कार्ड ठेवावे आणि ते या टॅब्लेटला जोडूच नये.

येत्या सुट्टीत अजिंठ्यास जाण्याचा योग आल्यास लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, हे ध्यानात असावे. त्या रंगांना प्रकाशाचा त्रास होतो. ते जमणार नसेल, तर मुलांना घेऊन आपल्या पब्लिक गार्डन्समधील राज्य पुरातत्त्व संग्रहालयात जावे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे दालन तेथे आहे. त्या प्रतिकृतींसमोर मुलांना गिल आणि ग्रिफिथ्स यांची हकिकत सांगावी आणि त्याच रात्री घरच्या कार्डांवर वर्षानुवर्षे पडून असलेली चित्रे बाहेर काढून त्यांची दुसरी प्रत करावी. सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना सुखाच्या प्रवासासाठी शुभेच्छा.