थुंकीतली 81 अक्षरं

पेडणे तालुक्यातल्या पार्स्याहून दक्षिणेकडे निघालं, की कोलवाळला शापोरा, पणजीला मांडवी आणि कुठ्ठाळीला झुआरी ओलांडून वेर्ण्याची औद्योगिक वसाहत लागते. औषधांच्या कारखान्यांसाठी ती प्रसिद्ध आहेच. पण मोलबायो डायग्नॉस्टिक्स ही कंपनीही तिथलीच. बंगळूरच्या बिगटेक लॅब्जच्या साथीने तिने 'ट्रूनॅट' नावाचं एक यंत्र घडवलं. टेबलावर मावणारं आणि बॅटरीवर चालणारं हे यंत्र रोग्याच्या थुंकीत क्षयाचे जंतू आहेत का, हे त्यांच्या जनुकांवरून ओळखतं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या पहिल्याच तपासणीसाठी त्याची शिफारस केली.

यात एवढं नवल काय? आधी क्षयाचा जंतू किती चिवट ते बघा. रॉबर्ट कॉखने 1882 साली तो शोधला, तेव्हापासून आपण त्याला सूक्ष्मदर्शकाखाली धुंडाळतो आहोत. पण तिथे तो दिसायला एका मिलिलिटर थुंकीत हजारो जंतू लागतात. कमी असले तर? ते प्रयोगशाळेत वाढवायचे. पोटातले साधे जंतू अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतात, क्षयाचा जंतू मात्र एकाचे दोन व्हायला जवळजवळ वीस तास घेतो! म्हणजे रोगी खोकत राहतो आणि अहवाल येतो कित्येक आठवड्यांनी.

मग जंतू वाढवायचाच कशाला? त्याच्या डीएनएचा एक तुकडा तेवढा वाढवला तर?

ही युक्ती 1983 मध्ये कॅरी मुलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला रात्री गाडी चालवताना सुचली. तीच ही पीसीआर, कोविडच्या दिवसांत घराघरात पोचलेली. डीएनए तापवला की त्याचे दोन धागे सुटे होतात. थोडा निवला, की एक विकर प्रत्येक धाग्यासमोर नवा जोडीदार रचतं. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा तीस फेऱ्या झाल्या, की एका रेणूचे 107 कोटी! मात्र दर फेरीला उष्णतेने विकर मरायचं आणि नवं घालावं लागायचं. तो प्रश्न सुटला अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत. तिथल्या कढत पाण्यात सुखाने राहणारा एक जीवाणू थॉमस ब्रॉक यांनी 1960च्या दशकात शोधला होता. त्याचं विकर या उष्णतेला दाद देत नाही. ब्रॉक जीवाणू शोधत होते तेव्हा त्याचा रोगनिदानाशी काही संबंध येईल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता ट्रूनॅटकडे. इथे एका छोट्या चिपवर जेमतेम सहा मायक्रोलिटर द्रव सोडतात, एका थेंबापेक्षाही कमी. घोटभर चहा चटकन उकळतो, लग्नाच्या पातेल्याला मात्र वेळ लागतो, तसंच हे. एवढासा द्रव पटापट तापतो, पटापट निवतो, म्हणून तर बॅटरी पुरते. रसायनं आधीच सुकवून ठेवलेली असल्यामुळे बर्फाच्या पेट्यांचा लवाजमा नको. तासा-दीड तासात उत्तर हाती.

आणि मला सगळ्यात थक्क करणारा भाग पुढेच आहे. जंतू सापडला, की दुसरी चिप विचारते: याच्यावर रिफाम्पिसिन हे औषध चालेल का? त्यासाठी अख्खा जंतू वाचावा लागत नाही. त्याच्या डीएनएत सुमारे 44 लाख अक्षरं आहेत, पण आरपीओबी नावाच्या जनुकातला 81 अक्षरांचा एक पट्टा बघितला की बहुतेक वेळा काम होतं. या औषधाला न जुमानणाऱ्या शंभरांतल्या सुमारे पंचाण्णव जंतूंमध्ये बदल तिथेच झालेला असतो. चव्वेचाळीस लाखांत एक्याऐंशी!

मग या सगळ्याची मालकी कुणाची? मुलिसच्या कंपनीने, म्हणजे सीटसने, पीसीआरचं पेटंट घेतलं आणि 1991 मध्ये ते हक्क 30 कोटी डॉलरना रोशला विकले. त्याच अमेरिकेत 1999 साली अॅमेझॉनला 'एका क्लिकमध्ये खरेदी' या कल्पनेवरही पेटंट मिळालं. विकण्याची रीत, आणि तिच्यावर पेटंट!

आपल्या कायद्याने वेगळी वाट धरली. 1970च्या पेटंट कायद्याचं तिसरं कलम कशाला पेटंट मिळणार नाही ते सांगतं. 2002 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. 'आय' या पोटकलमात रोगनिदानाची प्रक्रिया आली, आणि 'के' या नव्या पोटकलमात व्यापाराची पद्धत. एकाच दुरुस्तीने दोन्हींना दार बंद! वैद्याचं निदान आणि वाण्याची रीत या दोन्ही गोष्टी कुणा एकाच्या होऊ नयेत, ही भूमिका मला मनापासून पटते. नव्या चिपला, नव्या यंत्राला मात्र पेटंट मिळू शकतं, अर्ज केल्यापासून वीस वर्षांसाठी. आणि त्याच्या बदल्यात अट कसली? आपली युक्ती इतकी उलगडून लिहायची, की त्या विषयातल्या दुसऱ्या जाणकाराला ती वाचून करता यावी. मुलिसची युक्ती अशीच लिहून ठेवलेली आहे. पीसीआरची अमेरिकेतली मूळ पेटंटं 2005 मध्ये संपली. आज डीएनएच्या एकाचे दोन करायला, मग ते वेर्ण्यात असो वा पेडण्यात, कुणाची परवानगी लागत नाही.