खड्ड्यावरचे घर

इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, लार्क नदीच्या काठी वेस्ट स्टो नावाचे गाव आहे. पाचव्या ते सातव्या शतकात इथे अँग्लो-सॅक्सन शेतकऱ्यांची छोटी वस्ती होती. ती उठली, पुढे मध्ययुगात तिच्यावरून नांगर फिरला आणि मग वाऱ्याने उडवून आणलेल्या वाळूचा थर साचला. या वाळूनेच खालच्या खुणा जपल्या. 1965 ते 1972 या काळात स्टॅनली वेस्ट यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा घरांचे सुमारे 70 खड्डे उघडे पडले.

लाकूड आणि गवत केव्हाच कुजून गेले होते. उरला होता लांबट, उथळ खड्डा आणि त्याच्या दोन टोकांना खांब रोवल्याचे काळपट डाग. एवढ्यावरून घर उभे करायचे कसे? लोक या खड्ड्यातच राहत, जमिनीला टेकलेल्या छपराखाली, अंधारात आणि ओलीत, अशी समजूत तोवर रूढ होती. अँग्लो-सॅक्सन म्हणजे गबाळे, मागास लोक, हे चित्रही त्यातूनच रंगले.

वेस्ट स्टोने हा प्रश्न कागदावर ठेवला नाही. इथे जुन्या समजुतीप्रमाणे, खड्ड्याचा तळ हीच जमीन मानून एक घर बांधले गेले. पण ये-जा सुरू झाली की वाळूच्या कडा ढासळणार, हे उघड आहे. उत्खननातल्या खड्ड्यांच्या कडा तर शाबूत होत्या. काही ठिकाणी चुलीची माती कडेवरून खड्ड्यात घसरलेली दिसली, म्हणजे चूल तळाशी नव्हती, वर होती. म्हणून इतर घरे वेगळ्या पद्धतीने उभी राहिली. खड्ड्यावर फळ्यांची जमीन, तिच्याभोवती उंच भिंती, वर शाकारलेले छप्पर. आत माणूस ताठ उभा राहतो. जुन्या समजुतीचे घर मात्र लगेच पाडले नाही. दोन्ही मते कित्येक वर्षे शेजारी शेजारी उभी होती, आणि मला वेस्ट स्टोचा खरा मोठेपणा त्यातच दिसतो.

फळ्या काढायच्या त्याही जुन्या रीतीने. ओकच्या ओंडक्याच्या टोकाला पाचर ठोकली की चीर लाकडाच्या तंतूंबरोबर पुढे सरकते. तिच्यात दुसरी पाचर, मग तिसरी. ओंडका उभा दुभंगतो. करवत तंतू कापत जाते, फोडलेल्या फळीत ते सलग राहतात, म्हणून ती पातळ असूनही चिवट असते. मग कुऱ्हाडीने तासणी. या कामाला लागणारा वेळ आणि घाम जुन्या खांबाच्या डागात दिसत नाही, तो हाताने केल्यावरच कळतो. विणकामाचेही तेच. उत्खननात सापडलेली मातीची जाड कडी मागावर उभ्या ताण्याला टांगली की धागे ताठ बसतात, आणि बाण्याचा धागा खालून वर ठोकत न्यावा लागतो.

2005 मध्ये यातले एक घर आगीत भस्मसात झाले. पुरातत्त्वज्ञांनी ती राखसुद्धा फुकट जाऊ दिली नाही. जेस टिपर यांनी त्या अवशेषांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. इथे कोणता खांब कुठे होता, कोणती फळी कुठे बसवली होती, हे आधीपासून ठाऊक होते. त्यामुळे जळाल्यावर काय उरते आणि काय नाहीसे होते, याचा ताळा मांडता आला. मूळ वस्तीतही काही घरे जळाली होती, म्हणून हा ताळा फार मोलाचा.

वाद मात्र मिटलेला नाही. युरोपात अशा घरांचे खड्डे हजारोंनी सापडले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या तळाशी मागाच्या खुणा आहेत. तिथे विणकर खड्ड्यातच बसत असावेत.