उभ्याने ऐकायचा ऑपेरा

व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरासमोर दिवसभर पर्यटकांची वर्दळ असते. मोत्सार्टच्या काळातले कोट आणि पांढरे टोप घातलेले विक्रेते तिथे मैफलींची तिकिटं विकत फिरतात. त्यातल्या बऱ्याच मैफली या इमारतीत होतच नाहीत. काही जण मार्गदर्शकाबरोबर आत फेरी मारतात, संगमरवरी जिन्यावर फोटो काढतात आणि पुढच्या ठिकाणाकडे निघतात. फेरी जरूर करावी. पण तेवढ्यावर परत फिरणं म्हणजे कीर्तन सुरू व्हायच्या आधीच देवळातून बाहेर पडणं.

फेरीत दिसतात त्या खरं तर दोन वेगवेगळ्या काळांतल्या इमारती. दर्शनी भाग, मोठा जिना आणि श्विंड या चित्रकाराच्या चित्रांनी सजलेलं दालन मूळचं, म्हणजे 1869 मधलं. वास्तू बांधली जात असतानाच शहराने तिची टवाळी केली होती. समोरच्या रिंग रस्त्याची पातळी उंच झाल्यामुळे इमारत जमिनीत रुतल्यासारखी दिसते, असं लोक म्हणू लागले. तिच्या दोन वास्तुरचनाकारांपैकी फान डेर न्युल याने 1868 मध्ये आत्महत्या केली. दुसरा, सिकार्ड्सबुर्ग, हाही त्याच वर्षी वारला. 25 मे 1869 रोजी मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ने पडदा उघडला, तेव्हा दोघांपैकी एकही हयात नव्हता.

प्रेक्षागृह मात्र नवं आहे. 12 मार्च 1945 रोजी बाँब पडले आणि आगीत रंगमंच, प्रेक्षागृह, सगळं जळून गेलं. 5 नोव्हेंबर 1955 रोजी बेटहोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने ते पुन्हा उघडलं. महायुद्धानंतर तळ ठोकून बसलेल्या परकी फौजा ऑस्ट्रियातून बाहेर पडून तेव्हा थोडेच दिवस झाले होते, आणि ‘फिडेलिओ’ हा तुरुंगातून सुटकेचा ऑपेरा. आत जागा न मिळालेले लोक बाहेर लाउडस्पीकरवर ऐकत उभे होते.

उभं राहून ऐकण्याची इथली परंपरा भक्कम आहे. सुमारे 1,700 खुर्च्यांखेरीज इथे चारशेच्या वर जागा उभ्या प्रेक्षकांसाठी राखलेल्या आहेत आणि त्यांचं तिकीट सगळ्यांत स्वस्त. त्यातल्या खालच्या मजल्यावरच्या जागा मधल्या मानाच्या बॉक्सच्या बरोबर खाली, रंगमंचाच्या थेट समोर येतात. जागा राखायची इथली जुनी रीत अशी होती: आत शिरलं की आधी कठड्याला रुमाल किंवा मफलर बांधायचा. जागा पक्की झाली, मग कॉफी प्यायला खुशाल जायचं. बांधलेल्या मफलरला कुणी हात लावत नसे. समोरच्या छोट्या पडद्यावर गाण्याचा अनुवाद उमटतो. जर्मन किंवा इटालियन येत नाही म्हणून कुणी बिचकू नये. त्यातही संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी माणसाला, भर प्रसंगात पात्र गाऊ लागतं याचं नवल वाटायचं कारणच नाही.

इथे जवळजवळ रोज कार्यक्रम बदलतो, त्यामुळे निवड करता येते. वाग्नरचे ऑपेरे चार-पाच तास चालतात. पहिल्याच खेपेला तेवढं उभं राहणं पाय आणि उत्साह दोन्हींची परीक्षा पाहतं. पुच्चीनीचा ‘तोस्का’ आटोपशीर आहे. मार्गारेट वालमानने 1958 मध्ये बसवलेला प्रयोग इथे त्याच नेपथ्यासह वर्षानुवर्षं होत आला असून त्याच्या खेळांची संख्या सहाशेच्या पुढे गेली आहे. तो वेळापत्रकात असेल तर पहिलं तिकीट त्याचंच काढावं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ऑपेराला सुट्टी असते, तेव्हा मे-जूनमध्ये जावं. त्या दिवसांत काही प्रयोग बाहेर चौकातल्या मोठ्या पडद्यावरही दाखवतात, तेही फुकट.