कॅमेरा पाण्यात नेण्यापूर्वी

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा मी शाळेत होतो. अशा गावच्या मुलाने समुद्राखालच्या छायाचित्रणावर लेख लिहावा, याचे आपणांस हसू येईल. परंतु गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे मित्र कोल्हापूरमार्गे मालवणला गेलो आणि तेथे नांदेडच्या चुलतभावाचा कॅमेरा मी स्वतःच्या हाताने बुडविला. त्या फजितीतून जे शिकलो, ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पाण्याखाली छायाचित्र घेण्याचा उद्योग जुना आहे. लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ साली भूमध्य समुद्रात अशी छायाचित्रे घेतली. १९६३ मध्ये निकॉनॉस हा वेगळ्या पेटीवाचून पाण्यात चालणारा कॅमेरा आला. त्याचे उत्पादन २००१ मध्ये थांबले. साधने बदलली, पण पाण्याचे नियम बदलले नाहीत. म्हणून कॅमेरा निवडण्यापूर्वी पाणी समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट रंगाची. पाणी प्रकाशातील लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. पाच मीटरच्या आसपास तो बराचसा नाहीसा होतो आणि चित्र निळे-हिरवे येते. शिवाय, प्रकाशाला केवळ वरून खाली नव्हे, तर माशापासून कॅमेऱ्यापर्यंतही पाण्यातूनच यावे लागते. म्हणजे अंतर वाढले की रंग आणखी उडतो.

दुसरी गोष्ट वक्रीभवनाची. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ असल्याने सपाट काचेतून वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांशावर असल्यासारखी आणि मोठी दिसते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या दृष्टीचा कोन अरुंद होतो. म्हणून भिंग रुंद कोनाचे हवे. मोठ्या कॅमेऱ्यांच्या पेट्यांना पुढे घुमटासारखी काच बसवितात, ती याचसाठी.

तिसरी गोष्ट गढूळपणाची. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ समुद्रात खडक आहेत, प्रवाळ आहे. १९८७ साली येथे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. पण हे पाणी नेहमीच काचेसारखे नितळ नसते. धुरळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलचा दिवा लावला की रस्त्याऐवजी धूळच उजळते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कॅमेऱ्यातला फ्लॅश पाण्यात तेच करतो. तो बंद ठेवावा आणि प्रकाश हवाच असेल तर जलरोधक बॅटरी बाजूला, तिरपी धरावी.

या तिन्ही गोष्टींचे उत्तर एकच: जवळ जा. जवळून घेतलेले साध्या कॅमेऱ्याचे चित्र दुरून घेतलेल्या महागड्या कॅमेऱ्याच्या चित्रापेक्षा सरस येते. म्हणून पाण्याखाली झूम वापरू नये.

आता निवडीकडे वळू. मोबाइलवर जलरोधक असे लिहिलेले असले, तरी ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते. समुद्रासाठी त्यावर विसंबू नये. २०१६ च्या गोप्रो हिरो ५ सारखा छोटा कॅमेरा पेटीवाचून १० मीटरपर्यंत चालतो आणि त्याचा कोन रुंद असतो; हौशी माणसाला तो पुरे. शिंपले, खेकडे असे बारीक जीव टिपायचे असतील, तर ऑलिंपस टीजी-६ च्या जातीचा कॅमेरा उत्तम. तो स्वतः १५ मीटर आणि त्याच्या पेटीत ४५ मीटरपर्यंत जातो. मोठ्या कॅमेऱ्याची पेटी पुष्कळदा कॅमेऱ्याहून महाग पडते. आपल्या खिशाला तो विचार नको. आणि जो आयुष्यात प्रथमच पाण्याखाली उतरणार आहे, त्याने काहीच नेऊ नये. श्वास, कान आणि मार्गदर्शकाच्या खुणा यांतच दोन्ही हात आणि सारे लक्ष गुंतते. कॅमेऱ्याच्या नादात प्रवाळाला लाथ बसली, तर वर्षानुवर्षे वाढलेला जीव क्षणात मोडतो.

आता माझी चूक. कॅमेऱ्याच्या पेटीला कुकरच्या झाकणासारखी रबरी रिंग असते. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो आणि त्या रिंगेवर केस किंवा वाळूचा कण असला तरी पाणी वाट काढते. मी टॉवेलने रिंग पुसली. त्याचा एक धागा राहिला. पाच-सहा मीटरवर काचेच्या आत थेंब दिसला. वर येईपर्यंत खारे पाणी आत शिरले होते. तो कॅमेरा पुन्हा सुरू झाला नाही.

भावाने लग्नांचे फोटो काढून मिळविलेल्या पैशांतून तो घेतला होता. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “अरे, समुद्रात घालायच्या आधी घरच्या पिंपात घालून बघायचं होतंस!”

तेच खरे. रिंग बोटाने काढावी, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी, कंपनीने सांगितलेले ग्रीस अगदी पातळ लावावे. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको. नंतर आत कोरडा कागद घालून रिकामी पेटी अर्धा तास पाण्यात दाबून ठेवावी. कागद ओला झाला नाही, तरच कॅमेरा आत ठेवावा. समुद्रातून आल्यावर बंद पेटी गोड्या पाण्यात भिजवून, पुसून, मगच उघडावी.

भावाचे पैसे मी शिकवण्या घेऊन दरमहा फेडतो आहे. ते फिटले की पुन्हा मालवणला जायचे आहे. या वेळी पेटी आधी आमच्या अंगणातल्या पिंपात बुडेल आणि ते पाणी, लातूरच्या रिवाजाप्रमाणे, नंतर झाडांना जाईल.